वैनगंगेकांठचीं आडनांवें

श्रोतेहो, भंडारा जिल्ह्यांतील एकादा विद्यार्थी पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत प्रथम दाखल होतो, तेव्हां हजेरीच्या वेळीं एक लहानसा प्रसंग घडतो. 'रहांगडाले' हें नांव वाचतांना अध्यापकांची जीभ क्षणभर अडखळते. वर्गांतील चारदोन माना वळतात. मागाहून कोणीतरी सहज विचारतो, "हें आडनांव कुठलें हो?" विद्यार्थी उत्तर देतो, "आमच्या भंडाऱ्याकडचें." प्रश्न तेथें संपत नाहीं. "म्हणजे आपण कोण?" हा दुसरा प्रश्न ओठांवर येतो, सभ्यपणामुळें कित्येकदां तो तेथेंच थांबतो. त्याच वर्गांत त्याच जिल्ह्यांतला दुसरा एक विद्यार्थी असतो. त्याचें आडनांव 'ठाकरे'. त्याला 'कुठले' म्हणून कोणी विचारीत नाहीं. तें आपल्याला ठाऊकच आहे असें प्रत्येकाला वाटतें. वस्तुतः हे दोघे एकाच खोऱ्यांतले, एकाच समाजाचे, कदाचित् एकमेकांचे सोयरेही असूं शकतील.

विरळ आडनांवाचा धनी परका ठरतो आणि परिचित आडनांवाचा धनी नको तितका ओळखीचा ठरतो. दोन्ही वेळां चूक एकच. आडनांवावरून माणूस वाचतां येतो, असें आपण गृहीत धरतों. आडनांवांत खरोखर काय वाचतां येतें आणि काय वाचतां येत नाहीं, ह्याचा विचार वैनगंगेच्या कांठावरील कांहीं आडनांवांच्या आधारें आज आपण करूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपण समजतों तितकी आडनांवाची सक्ति पुरातन नाहीं. 'आड' हा शब्द आपण आडवाट, आडगांव ह्या शब्दांतही ऐकतों. मुख्य सोडून जें बाजूचें, तें आड. माणसाचें नांव मुख्य; आडनांव बाजूचें. पूर्वीं गांवांत माणूस ओळखला जाई तो स्वतःच्या नांवानें, बापाच्या नांवानें, हुद्द्यानें आणि समाजाच्या नांवानें. ह्याचें एक ठळक उदाहरण ह्याच भागांत आहे. नवेगांवबांधचा अकरा चौरस किलोमीटरांचा विशाल तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं ज्यांनीं बांधला, त्यांचें नांव लोकांनीं जपलें तें 'कोलू पाटील कोहळी' असें. कोलू हें नांव, पाटील हा हुद्दा, आणि कोहळी हा तलाव बांधण्यांत निष्णात असलेला समाज. तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर 'कोलासुर देव' म्हणून त्यांचें ठाणें आहे. माणसाचा देव झाला, तरी त्याला आडनांवाची गरज पडली नाहीं.

ती गरज पडली दप्तराला. नागपूरकर भोंसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्य प्रांत निर्माण झाला, आणि जमाबंदी, न्यायकचेरी व शाळा ह्यांच्या वह्या गांवोगांव पोंचल्या. दोन रामाजींमध्यें घोटाळा होऊं नये म्हणून कारकुनाला तिसरा रकाना भरावयाचा होता. ज्या कुळांत जुनें उपनांव चालत होतें, तेथें तें लिहिलें गेलें. कोठें कुळाचें नांव, कोठें गांवाचें, तर कोठें हुद्द्याचें लिहिलें गेलें. बोलण्यांत सैल असलेली गोष्ट शाईनें घट्ट झाली.

गांवावरून पडलेलीं आडनांवें ह्या प्रदेशांत पुष्कळ आहेत. पवनीकर, तुमसरे, नागपुरे, लांजेवार हीं नांवें ऐकतांच पवनी, तुमसर, नागपूर, लांजी हीं गांवें डोळ्यांपुढें येतात. पश्चिम महाराष्ट्रांत जें काम 'कर' हा प्रत्यय करितो, तेंच येथें 'ए' आणि 'वार' हे प्रत्ययही करितात. चांद्याकडच्या अनेक आडनांवांतील 'वार' हा तेलुगूंतील आदरार्थी 'वारु'चा शेजार सांगतो.

ह्यांतील कांहीं गांवें फार जुनीं आहेत. रतनपूरचा कलचुरि राजा जाजल्लदेव ह्याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत त्याला करभार देणाऱ्या मांडलिकांच्या प्रदेशांची यादी आहे. तींत लांजिका आणि भाणार हीं नांवें येतात. लांजिका म्हणजे आजच्या मध्य प्रदेशांतील बालाघाट जिल्ह्यांतली लांजी, आणि भाणार म्हणजे भंडारा. तेव्हां 'भंडारा' म्हणतांच आपल्याला कोठार आठवत असलें, तरी गांवाचें जुनें नांव तसें नव्हतें. नांवाचा आजचा अर्थ हा त्याचा मूळ अर्थ असतोच असें नाहीं, हा धडा येथेंच घेऊन ठेवावा. पुढें तो उपयोगीं पडेल.

गांवाच्या आडनांवाविषयीं आणखी एक गंमत आहे. नागपुरांत राहणाऱ्याला नागपुरे म्हणून कोण हांक मारील? तेथें तर सगळेच नागपूरचे. नागपूर सोडून जो भंडाऱ्याकडे किंवा बालाघाटाकडे आला, त्यालाच शेजाऱ्यांनीं नागपुरे म्हटलें. म्हणजे असें आडनांव पूर्वज कोठें नांदले हें सांगत नाहीं. ते कोठून निघाले हें सांगतें. तें घराचें नांव नव्हे, वाटेचें नांव होय. आणि एकाच गांवाहून निरनिराळ्या जातींचीं, परस्परांशीं संबंध नसलेलीं माणसें निघालीं असतील, तर तीं सारीं एकाच आडनांवाचीं होतील. नुसतें ध्वनिसाम्य तर ह्याहूनही फसवें. थोर संशोधक डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या आडनांवाशीं भंडारा गांवाचा कांहीं संबंध नाहीं. त्यांचें घराणें कोंकणांतलें.

आतां आपण आरंभींच्या त्या दोन विद्यार्थ्यांकडे परत येऊं. रहांगडाले आणि ठाकरे हीं दोन्ही पोवार समाजाचीं 'कुरें' आहेत. 'कुर' म्हणजे कुळ. हा समाज मुख्यत्वें भंडारा, गोंदिया, बालाघाट आणि शिवनी ह्या चार जिल्ह्यांत, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यांत वसलेला आहे. धानाची शेती आणि तलावाच्या पाण्याचा उपयोग ह्यांत त्याचा हातखंडा. पटले, बिसेन, रहांगडाले, टेंभरे, कटरे, बोपचे, शरणागत, हरिणखेडे, तुरकर, गौतम, बघेले, परिहार, सोनवाने, चौधरी, ठाकरे, पारधी, भगत, राणे, क्षीरसागर अशीं हीं कुरें होत. एका कुराचे वधूवर आपसांत विवाह करीत नाहींत, ही परंपरेची मर्यादा. म्हणजे ज्याला शहरांत आपण केवळ आडनांव म्हणतों, तें येथें सोयरिकीच्या व्यवहाराचें एक साधन होतें. आपलें कुर सांगणें म्हणजे 'मी अमक्याचा भाऊ आहें, तमक्याचा जांवई होऊं शकतों' असें सांगणें.

हा समाज येथें आला कसा? रसेल आणि रायबहादुर हिरालाल ह्यांनीं मध्य प्रांतांतील जातिजमातींवरील आपल्या १९१६ सालच्या ग्रंथांत जुन्या जमाबंदी अहवालाच्या आधारें जी परंपरा नोंदविली आहे, ती अशी: माळव्यांतील धार येथून हे लोक प्रथम रामटेकजवळच्या नगरधनला आले, तेथून आंबागड व चांदपूर ह्या बाजूस सरकले, आणि पुढें भोंसल्यांच्या कटकच्या मोहिमेंत चाकरी केल्याबद्दल त्यांना वैनगंगेच्या पश्चिमेस जमिनी मिळाल्या. धारच्या परमार राजांचा विदर्भाशीं संबंध होता, ह्याला शिलालेखांचा आधार आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील डोंगरगांवचा शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा लेख परमार राजपुत्र जगद्देव ह्याच्या काळचा आहे. परंतु त्या राजपुत्राच्या काळापासून भोंसल्यांच्या मोहिमांपर्यंत सहाशेंहून अधिक वर्षांचें अंतर आहे, आणि तें अंतर सलग वंशावळीनें भरून काढणारा पुरावा आपल्यापाशीं नाहीं.

येथें आडनांवें साक्षीला बोलवावीं. परंपरा सांगते कीं सारे परमार. आडनांवें काय सांगतात? बिसेन, गौतम, बघेल, परिहार हीं उत्तर हिंदुस्थानांत परमारांहून निराळ्या अशा रजपूत कुळांचीं नांवें आहेत. चौधरी हा हुद्दा आहे. हरिणखेडे ह्यांत एक खेडें दडलेलें आहे. सोनवाने हें नांव ऐकतांच छत्तीसगडाकडील अनेक जातिजमातींत आढळणारें 'सोनवानी' हें कुळ आठवतें. जातीबाहेर पडलेल्या माणसास सोनें घातलेलें पाणी शिंपडून परत घेण्याचा मान त्या कुळाकडे असे. पटले ह्या नांवांत पटेलकीचा ध्वनि ऐकूं येतो. पण ध्वनि म्हणजे पुरावा नव्हे, हें आपण भंडाऱ्याच्या नांवावरून नुकतेंच शिकलों आहों. आणि रहांगडाले? त्या नांवाची फोड अनेक तऱ्हांनीं करतां येते. परंतु सोपी फोड आणि खरी फोड ह्या एक नव्हेत, आणि प्रामाणिक माणसानें तेथें गप्प राहावें हें बरें.

भाषेची साक्षही अशीच विचार करावयास लावणारी आहे. पोवारी बोलीची नोंद ग्रिअर्सन ह्यांनीं आपल्या भाषिक पाहणींत केली, ती माळवीखालीं नव्हे; पूर्व हिंदीच्या बघेलीखालीं, मराठीच्या शेजारानें बदललेली बोली म्हणून. बघेली ही रेवा प्रांताची भाषा. आठवण धारेकडे बोट दाखविते, बोली रेव्याकडे, आणि आडनांवें चारी दिशांना. ह्यांत कोणी खोटें बोलत आहे असें नाहीं. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या वाटेवर निरनिराळ्या ठिकाणचे प्रवासी एकत्र आले असावेत, आणि एकत्र झाल्यावर त्यांनीं एक आठवण सर्वांची म्हणून स्वीकारली असावी, असें अनुमान मला अधिक संभवनीय वाटतें. पुष्कळ समाजांची घडण अशीच झालेली आहे.

ठाकरे, पारधी, राणे, क्षीरसागर ह्या नांवांचीही हीच गोष्ट. वैनगंगेकांठीं हीं पोवारांचीं कुरें आहेत. तींच नांवें महाराष्ट्रांत इतरत्र अगदीं निराळ्या समाजांत आढळतात. पारधी हें तर एका स्वतंत्र जमातीचेंच नांव आहे. ह्यांच्यामध्यें रक्ताचा संबंध शोधणें म्हणजे सगळ्या पाटलांना एका बापाचीं लेकरें मानण्यासारखें आहे.

हें केवळ आपल्याकडेंच घडतें असेंही नव्हे. अमेरिकेंत गेलेल्या जर्मन कुटुंबांच्या आडनांवांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तेथील राष्ट्राध्यक्ष हूव्हर ह्यांच्या मूळ पुरुषाचें आडनांव 'हूबर' होतें; हूबर म्हणजे ठराविक मापाची जमीन बाळगणारा शेतकरी. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांचें मूळ 'आयझेनहाउअर', म्हणजे लोखंड घडणारा. कित्येक श्मिट स्मिथ झाले आणि कित्येक म्युलर मिलर झाले. बंदरावरच्या अंमलदारांनीं हीं नांवें बदललीं अशी एक आवडती दंतकथा आहे. परंतु प्रवाशांच्या याद्या जहाज सुटण्याच्या बंदरावरच तयार होत, आणि अमेरिकेंत केवळ त्या ताडून पाहत. नांवें बदललीं तीं पुढें, शेजाऱ्यांच्या जिभेवर, शाळेच्या पटावर, आणि अनेकदां धन्याच्या स्वतःच्या इच्छेनें. १९१७ सालीं अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धांत उतरली, तेव्हां जर्मन वळणाचें आडनांव बाळगणें अनेकांना अवघड झालें. त्याच वर्षीं इंग्लंडच्या राजघराण्यानेंही आपलें जर्मन कुलनाम टाकून 'विंडसर' हें नांव घेतलें. राजाला जें टाळतां आलें नाहीं, तें साध्या सुताराला कसें टाळतां यावें?

आपल्याकडे समुद्र ओलांडावा लागत नाहीं. लिपि ओलांडली कीं पुरे. देवनागरींतील 'पटले' रोमन लिपींत गेलें आणि परत आलें, तर वाटेंत त्याचा 'पातले' होतो, किंवा सुधारण्याच्या भरांत कोणी त्याचा 'पटेल' करितो. 'ट' आणि 'त', 'ळ' आणि 'ल' ह्यांचा भेद त्या लिपींत राहत नाहीं. शाळेच्या दाखल्यावर एक, जमिनीच्या उताऱ्यावर दुसरें आणि पारपत्रावर तिसरें असें एकाच आडनांवाचें त्रिविध रूप झाल्यावर तीं तिन्ही माणसें एकच आहेत हें सिद्ध करण्यांत गरीब माणसाचे किती दिवस आणि किती रुपये जातात, ह्याचा अनुभव पुष्कळांना असेल.

आतां एक स्वाभाविक प्रश्न उभा राहतो. अशीं विरळ आडनांवें धारण करणारी माणसें आहेत तरी किती? अमेरिकेंत ह्याचें उत्तर छापील मिळतें. तेथील २०१० च्या जनगणनेनंतर शंभर किंवा अधिक माणसांनीं धारण केलेल्या आडनांवांची यादी प्रसिद्ध झाली. तींत १,६२,२५३ आडनांवें आहेत, आणि अग्रभागीं असलेल्या स्मिथांची संख्या सुमारें २४ लक्ष ४३ हजार आहे. शंभरांहून कमी माणसांचें आडनांव मात्र यादींत येत नाहीं, कारण इतक्या थोड्या माणसांचें नांव छापणें म्हणजे त्यांचें घरच दाखविण्यासारखें आहे. विरळ आडनांवाचा हा एक धोका लक्षांत ठेवण्याजोगा आहे: स्मिथ गर्दींत लपूं शकतो, विरळ आडनांवाचा माणूस लपूं शकत नाहीं.

आपल्या जनगणनेंत आडनांवांची अशी मोजदाद प्रसिद्ध होत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०११ सालीं ह्या दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारें २५ लक्ष २३ हजार भरली. त्याच जनगणनेंत पोवारी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे देशभरांत सुमारें सव्वातीन लक्ष निघाले. परंतु ही भाषेची संख्या झाली, आडनांवांची नव्हे. आणि घरीं मराठी किंवा हिंदी बोलूं लागलेलें कुटुंब तींतून गळतें.

मोजणीचा गोंधळ किती होऊं शकतो ह्याचें एक उदाहरण आहे. १९३१ च्या जनगणनेंत देशांत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणींत लोकांना जात विचारली, तेव्हां सेहेचाळीस लाखांहून अधिक निरनिराळीं नांवें कागदावर आलीं. ऐंशीं वर्षांत एवढ्या जाती जन्मल्या नाहींत. कोणी कुळ सांगितलें, कोणी गोत्र, कोणी आडनांव, आणि लिहिणाऱ्यांनीं एकच नांव अनेक प्रकारें लिहिलें. आडनांव आणि जात ह्या एक गोष्टी नव्हेत, हें ह्याहून मोठ्या प्रमाणावर कसें सिद्ध व्हावें?

शेवटचा प्रश्न असा कीं, कांहीं आडनांवें उदंड आणि कांहीं विरळ कां होतात? पोवारांचीं कुरें परंपरेनें छत्तीस मोजतात. छत्तीस हा आंकडा रजपूत कुळांच्या मोजणींत आणि छत्तीसगडाच्या नांवांतही येतो. तेव्हां तो प्रत्यक्ष मोजणीचा असण्यापेक्षां संकेताचा असण्याचा संभव आहे. तथापि त्यांतील कांहीं कुरें आतां ह्या खोऱ्यांत आढळत नाहींत, असें समाजांतील जाणते सांगतात. तीं गेलीं कोठें?

ह्या प्रश्नाचें गणित इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन ह्यांनीं १८७४ सालीं मांडलें. कल्पना करा कीं शंभर पुरुष आहेत आणि शंभर निरनिराळीं आडनांवें. प्रत्येकाला सरासरीनें एक मुलगा. परंतु निव्वळ दैवगतीनें कोणाला तीन, कोणाला एक, तर कोणाला एकही नाहीं. पहिल्याच पिढींत सुमारें सदतीस आडनांवें नाहींशीं होतील, दुसऱ्या पिढीअखेर त्रेपन्न, आणि तिसऱ्या पिढीअखेर त्रेसष्ट. लोकसंख्या मात्र सरासरीनें शंभरच राहील. सर्वच आडनांवें कालांतरानें लोपावयाचीं, हा वॉटसनचा निष्कर्ष पुढील गणितज्ञांनीं दुरुस्त केला. मुलगे सरासरीनें एकाहून अधिक असतील तर कांहीं नांवें टिकूं शकतात. पण मूळ मुद्दा कायम आहे. आडनांव विरळ होण्यास कोणाचा शाप लागत नाहीं, आणि उदंड होण्यास कोणाचा पराक्रम लागत नाहीं.

ह्या गणितांत एक बाजू मुद्दाम झांकलेली आहे. त्यांत केवळ मुलगे मोजले आहेत. ज्या घरीं चार मुली झाल्या, तेथें आडनांव संपलें. वंश संपला काय? त्या चार मुलींचीं नातवंडें आज ह्याच खोऱ्यांत धान लावीत असतील, आणि त्यांच्या अंगीं त्या लुप्त कुराचें रक्त इतर कोणत्याही कुराइतकेंच असेल. लोपतें तें केवळ दप्तरांतलें अक्षर. प्रत्येकाला आजोबा दोन आणि आज्या दोन. आडनांव चौघांपैकीं एकाचेंच. तीन चतुर्थांश इतिहास आडनांवाच्या बाहेर राहतो, आणि तो बहुतेक स्त्रियांचा असतो.

म्हणूनच महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं घेतलेला एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव सरकारी कागदपत्रांत लिहितांना प्रथम मुलाचें, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव असा क्रम ठरविण्यांत आला आहे. जो रकाना एके काळीं कारकुनाच्या सोयीसाठीं निर्माण झाला, त्याच्या शेजारीं आईला जागा मिळाली. पन्नास वर्षांनीं एकाद्या संशोधकानें हीं दप्तरें उघडलीं, तर आपल्याला आज जें दिसत नाहीं त्यांतलें थोडें त्याला दिसेल.

तेव्हां श्रोतेहो, आडनांव ही एका वाटेची खूण आहे. ती जपावी, तिचा अभ्यास करावा, ती बदलणाऱ्या कारकुनास दुरुस्त करावें. परंतु तिच्यावरून माणसाची जात, योग्यता किंवा नातें ठरवूं नये. तितकें तिला ठाऊकच नसतें. पुढच्या वेळीं वर्गांत, आगगाडींत किंवा कचेरींत एकादें न ऐकलेलें आडनांव कानीं आलें, तर "म्हणजे आपण कोण?" असें विचारूं नका. "आपलें गांव कोणतें, आणि आपल्या आजीचें माहेर कोठलें?" असें विचारा. उत्तर लांबेल, पण तें ऐकतां ऐकतां वैनगंगेचा एक कांठ तुम्हांला दिसूं लागेल.